आधी हात, मग परवाना, मग व्हिसा
अवजड यंत्रांचे ऑपरेटर होऊ पाहणाऱ्यांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी

सलालाहमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना गावाकडून हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे : "आमचा मुलगा जेसीबी चालवतो, तिकडे काही जमेल का?" मुलगा कधी भाचा असतो, कधी चुलतभाऊ, कधी शेजारच्या काकूंचा धाकटा. आपल्यापैकी बहुतेकजण कार्यालयात, दवाखान्यात, शाळेत नाहीतर बंदरावर कामाला. यंत्रांची माहिती बेताचीच. मग आपण "बघतो" म्हणतो किंवा "एखाद्या एजंटला विचार" असे सुचवतो. या उत्तरावर एखाद्या घराचे दोन-दोन लाख रुपये आणि एका तरुणाची चार वर्षे पणाला लागतात, हे आपल्या ध्यानात येत नाही. म्हणून हा लेख.

मी स्वतः संगणक अभियंता. यंत्रांचे तास, डिझेल, दुरुस्ती आणि ऑपरेटरांच्या परवान्यांच्या मुदती यांची नोंद ठेवणारी प्रणाली सांभाळणे हे माझे काम. त्यामुळे कोणता माणूस टिकतो आणि कोणता दोन वर्षांत रिकाम्या हाताने परततो, हे मला नोंदींतून दिसत असते. त्यावरून एक साधा क्रम पक्का झाला आहे : आधी हात बसावा, मग परवाना व्हावा आणि शेवटी व्हिसा यावा. हा क्रम उलटा झाला की घर कर्जात जाते.

१. कोणते यंत्र?

"जेसीबी चालवतो" एवढ्याने भागत नाही. जेसीबी हे ब्रिटिश कंपनीचे नाव. पुढे लोडर आणि मागे खोदणारा हात असलेल्या यंत्राला आपण सरसकट तेच म्हणतो. साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या खोदयंत्राला महाराष्ट्रात पोकलेन म्हणतात. पोकलेन ही फ्रान्समधली कंपनी. तिची यंत्रे लार्सन अँड टुब्रोने भारतात बनवली, म्हणून ते नाव रूढ झाले. आखातात मात्र "शॉवेल" म्हटले की चाकांचा मोठा लोडर समजावा. याखेरीज डोझर, ग्रेडर, रोलर, फोर्कलिफ्ट, बॉबकॅट आणि क्रेन. प्रत्येकाचा हात वेगळा आणि परवानाही वेगळा.

एकाच प्रकारच्या यंत्रांतही फरक असतो. खोदयंत्राच्या दोन दांड्यांची मांडणी जगात मुख्यतः दोन पद्धतींची आहे. एका पद्धतीत मोठा बूम उजव्या हाताने वर-खाली होतो, दुसऱ्या पद्धतीत डाव्या हाताने. एका पद्धतीवर पाच वर्षे घालवलेला माणूस दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रावर बसला तर घाईच्या क्षणी त्याचा हात जुन्याच सवयीने चालतो, आणि नेमका त्याच क्षणी खाली कोणी उभा असतो. म्हणून कोणते यंत्र, कोणत्या आकाराचे आणि किती तास चालवले, हे आधी विचारावे.

२. हात कसा बसतो?

आपल्याकडे बहुतेक ऑपरेटर हेल्पर म्हणून सुरुवात करतात. ग्रीस मारायचे, डिझेल भरायचे आणि दुपारी मालक जेवायला गेला की दांडी धरून बघायची. या रीतीने हात बसतो, पण "का" कळत नाही. क्रेनचेच पाहा. २५ टनांची क्रेन सगळीकडे २५ टन उचलत नाही. बूम जितका लांब पसरेल तितकी तिची ताकद घटते. प्रत्येक अंतराला किती वजन, हे केबिनमधल्या भारतक्त्यात दिलेले असते. तो तक्ता वाचता न येणारा माणूस अंदाजाने उचलतो. उचलण्याच्या कामात चूक झाली तर काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. ३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलाच्या कामावर गर्डर बसवणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० जणांचे प्राण गेले.

म्हणून कामावरचा अनुभव आणि रीतसर शिक्षण, दोन्ही हवे. भारतात बांधकाम-यंत्रांच्या ऑपरेटरांसाठी पायाभूत सुविधा उपकरण कौशल्य परिषद अभ्यासक्रम ठरवते आणि परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. आधीपासून काम करणाऱ्याला पूर्वानुभवाची चाचणी देऊनही प्रमाणपत्र मिळवता येते. हैदराबादच्या राष्ट्रीय बांधकाम अकादमीतही यंत्रचालकांचे शिक्षण होते. मुलगा अजून शिकत असेल तर दहावी पूर्ण करावीच. फिटर किंवा डिझेल मेकॅनिकची आयटीआय केलेला ऑपरेटर पुढे फोरमन होण्याची शक्यता जास्त.

शिकताना एक वही ठेवावी. यंत्रावर तास मोजणारे मीटर असते. रोज कोणते यंत्र, सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा, काय काम केले, एवढे लिहून महिन्याला मुकादमाची सही घ्यावी. "पाच वर्षांचा अनुभव" कोणीही सांगतो. सहीसह तास दाखवणारे थोडे असतात.

सकाळी यंत्र सुरू करण्यापूर्वी भोवती एक फेरी मारण्याची सवयही याच काळात लागावी. इंजिन तेल, कूलंट, हायड्रॉलिक तेल, गळती, पिना, साखळीचा ताण, आरसे, मागे जाताना वाजणारा भोंगा आणि सीटबेल्ट. या फेरीला दहा मिनिटे लागतात. ती न मारणाऱ्यांची यंत्रे माझ्या नोंदींत दुरुस्तीच्या रांगेत वारंवार दिसतात.

३. भारतातले कागद

दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर सामान्यतः स्थलांतर तपासणी आवश्यक असल्याची नोंद असते. असा माणूस ओमानसह १८ ठरावीक देशांत नोकरीला जाणार असेल तर १९८३ च्या स्थलांतर कायद्याप्रमाणे त्याला सरकारी मंजुरी घ्यावी लागते. ती स्थलांतर संरक्षक अधिकाऱ्याकडून मिळते. मुंबईत हे कार्यालय आहे. व्यवहार सरकारच्या ई-मायग्रेट प्रणालीवर होतो. लोक या मंजुरीला कटकट समजतात, पण तिच्यामुळेच करार, पगार व मालकाचे नाव सरकारदरबारी नोंदले जाते. भांडण झालेच तर हीच नोंद कामी येते.

तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, एजंटला सरकारी परवाना हवा आणि तो ई-मायग्रेटवर तपासता येतो. दुसरी, नोंदणीकृत एजंटला घेता येणारे सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढेच आहे. तिसरी, प्रवासी भारतीय विमा योजनेत २७५ रुपयांत दोन वर्षे किंवा ३७५ रुपयांत तीन वर्षे, १० लाख रुपयांपर्यंतचे अपघाती मृत्यू व कायम अपंगत्वाचे संरक्षण मिळते. दहावी झालेल्यांनीही हा विमा टाळू नये.

भेटीच्या व्हिसावर येऊन काम करणे बेकायदा आहे. "आधी ये, मग व्हिसा बदलून देऊ" असे सांगणाऱ्याला नमस्कार करावा.

आता हिशेब मांडू. समजा, घरच्यांनी एजंटला दीड लाख रुपये दिले आणि ते गावात शेकडा तीन रुपये महिना व्याजाने काढले. महिन्याचे व्याजच ४,५०० रुपये. सोयीसाठी एक रियाल २२० रुपयांचा धरला तर हे सुमारे २० रियाल होतात. वर्षाला ५४,००० रुपये गेले आणि मुद्दल जागच्या जागी. तेच पैसे आणि सहा महिने प्रशिक्षणावर व परवान्यावर घातले असते तर ते जन्मभर मुलाच्या हातात राहिले असते.

४. ओमानमधला परवाना

भारतातल्या आरटीओच्या परवान्यावर इथे नोकरी करता येत नाही. रॉयल ओमान पोलिसांची परीक्षा देऊन इथला परवाना घ्यावा लागतो, आणि तो वाहनाच्या व यंत्राच्या प्रकारानुसार असतो. मोठ्या प्रकल्पांवर, विशेषतः तेलक्षेत्रात, त्याच्या जोडीला स्वतंत्र तपासणी संस्थेचे ऑपरेटर प्रमाणपत्रही मागतात. या सर्वांना मुदत असते. मुदत संपली की त्या दिवसापासून यंत्र उभे आणि ऑपरेटर खाली.

इथेच बहुतेक तरुण फसतात. व्हिसावर हुद्दा "मदतनीस" किंवा "साधा कामगार" असतो आणि तोंडी वचन असते, "आल्यावर यंत्रावर बसवू." मग तो वर्षभर फावडे मारतो. किंवा याहून वाईट म्हणजे परवाना नसताना यंत्रावर बसवला जातो. त्या स्थितीत अपघात झाला तर विम्याचा वाद, पोलिस आणि न्यायालय या सगळ्याला तोंड त्यालाच द्यावे लागते. म्हणून करारात, व्हिसावर आणि रहिवासी कार्डावर हुद्दा एकच असावा, आणि तो ऑपरेटरचाच असावा. चालकांची काही कामे ओमानी नागरिकांसाठी राखून ठेवलेली आहेत व ती यादी वाढत असते. आपला हुद्दा तीत नाही ना, हे ओमानच्या कामगार मंत्रालयाच्या ताज्या यादीत पाहून घ्यावे.

एक मोठा बदल पुष्कळांना ठाऊक नाही. पूर्वी मालकाने ना-हरकत पत्र दिले नाही तर कामगाराला ओमानमध्ये दुसरीकडे नोकरी धरता येत नसे. १ जानेवारी २०२१ पासून ही अट गेली. करार संपल्यावर रीतसर दुसऱ्या मालकाकडे जाता येते. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. व्हिसा मालकाच्या मर्जीने निघतो, पण परवाना कामगाराच्या नावाचा असतो. ज्याच्याजवळ परवाना आहे त्याला पगाराची बोलणी करता येतात. ज्याच्याजवळ नुसता व्हिसा आहे त्याने मिळेल ते घ्यायचे.

५. पगारपत्रक कसे वाचावे?

एकूण पगारापेक्षा मूळ पगार महत्त्वाचा. ओमानचा २०२३ चा कामगार कायदा, म्हणजे शाही फर्मान ५३/२०२३, सेवासमाप्तीची ग्रॅच्युइटी मूळ पगारावर ठरवतो : दर वर्षाच्या सेवेला एका महिन्याचा मूळ पगार. दोन प्रस्ताव घेऊ. दोन्हींत एकूण पगार २०० रियाल. एकात मूळ १५० व भत्ते ५०. दुसऱ्यात मूळ १०० व भत्ते १००. चार वर्षांनी पहिल्याला ६०० रियाल मिळतील, दुसऱ्याला ४००. ऑपरेटरला जादा काम पुष्कळ असते, आणि जादा कामाचा दरही मूळ पगारावरच निघतो : दिवसा किमान २५ टक्के व रात्री किमान ५० टक्के वाढीव. कामाचे तास दिवसाला ८ व आठवड्याला ४०. वर्षाला ३० दिवसांची भरपगारी रजा.

ग्रॅच्युइटीच्या जागी मालकाच्या मासिक वर्गणीची बचत योजना आणण्याची तरतूद ओमानच्या २०२३ च्या सामाजिक संरक्षण कायद्यात आहे, पण परदेशी कामगारांसाठी तिची सुरुवात पुढे ढकलण्यात आली आहे. करार करताना त्या वेळची स्थिती विचारून घ्यावी. पगार बँकेतूनच घ्यावा. रोखीने मिळालेल्या पगाराचा पुरावा राहत नाही.

६. खुर्चीतले आजार

ऑपरेटर दिवसभर बसून असतो, म्हणून काम सोपे असे घरच्यांना वाटते. वास्तविक यंत्राचे हादरे खुर्चीतून थेट मणक्यात जातात. युरोपीय संघाने २००२ मध्ये याच्या मर्यादा ठरवल्या : आठ तासांच्या दिवसाला ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे कंपन झाले की उपाय सुरू करायचे आणि १.१५ च्या पुढे जायचेच नाही. खडकाळ जमिनीवर वेगाने चालणाऱ्या डोझर व लोडरवर हादरे जास्त बसतात. उपाय साधे आहेत. खुर्ची आपल्या वजनाप्रमाणे लावून घ्यावी, खाचखळग्यांत वेग कमी ठेवावा, तासाभराने उतरून पाच मिनिटे चालावे आणि केबिनमधून उडी मारू नये. उतरताना दोन हात व एक पाय किंवा दोन पाय व एक हात नेहमी यंत्राला टेकलेला असावा. कंबरदुखीवर मलम चोळून वर्षे काढणारे बरेच आहेत. पायाला मुंग्या येऊ लागल्या तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

कानांचे गणित असे : ८५ डेसिबल आवाजात आठ तास चालतात, ८८ मध्ये चार, ९१ मध्ये दोनच. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. दगड फोडणारा ब्रेकर लावलेल्या यंत्रावर कानसंरक्षक हवेतच. गेलेले ऐकू येणे परत येत नाही.

पाणी कमी पिणे ही जुनीच सवय, कारण लघवीसाठी यंत्र थांबवावे लागते. त्याची किंमत मूत्रपिंडे मोजतात. उन्हात काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. ओमानमध्ये जून ते ऑगस्ट या महिन्यांत दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचा नियम आहे. तो हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. आखाताच्या व्हिसासाठी मान्यताप्राप्त केंद्रात वैद्यकीय तपासणी होतेच. त्याआधी गावातच रक्तदाब, साखर, नजर व ऐकण्याची तपासणी करून घ्यावी म्हणजे कर्ज काढल्यावर धक्का बसत नाही.

७. सलालाहचे काम वेगळे का?

मस्कत आणि सलालाहची हवा एक नाही. जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत इथे खरीफ असतो. शब्द आपल्या खरीप हंगामाचाच. या दिवसांत धोफारच्या डोंगरांवर धुके व भुरभुर पाऊस, आणि डोंगरापलीकडे थुमरैतला रखरखीत वाळवंट. एकाच आठवड्यात ऑपरेटरला ओल्या चिखलाचा उतार आणि तापलेली वाळू दोन्ही भेटतात. ओल्या उतारावर यंत्र आडवे चालवू नये. सरळ चढावे, सरळ उतरावे, बकेट जमिनीलगत ठेवावी. यंत्र कलंडू लागले तर उडी मारण्याचा मोह होतो. तोच जीव घेतो. सीटबेल्ट लावून संरक्षक सांगाड्याच्या आत राहणे हाच बचाव. धुक्यात दिसेनासे झाले आणि खुणा करणारा माणूस नजरेआड गेला की यंत्र थांबवावे.

रायसूतचे बंदर, सिमेंट कारखाना आणि चुनखडी-जिप्समच्या खाणी यांमुळे इथे लोडर व खोदयंत्रांना काम असते. मे २०१८ मध्ये मेकुनू चक्रीवादळ सलालाहजवळ धडकले, तेव्हा वाहून गेलेले रस्ते मोकळे करायला हीच यंत्रे व हेच लोक लागले. खाणीतल्या कड्याखाली मात्र फार जपावे. मार्च २०२२ मध्ये इब्री भागातल्या एका खाणीत दरड कोसळून दहाहून अधिक कामगार दगावले. कड्याच्या पायथ्याशी यंत्र लावण्यापूर्वी वर पाहावे, आणि फोरमन घाई करत असला तरी भेग दिसताच मागे यावे.

साइटवर हिंदी-उर्दू चालते, पण पाच अरबी शब्द पाठ असावेत : यमीन म्हणजे उजवीकडे, यसार डावीकडे, गुद्दाम पुढे, वरा मागे आणि वग्गिफ म्हणजे थांब. शेवटचा सर्वांत आधी शिकावा.

८. परतल्यावर स्वतःचे यंत्र?

प्रत्येक ऑपरेटरच्या मनात हे असतेच. हिशेब करून पाहू. समजा, यंत्रासाठी २५ लाखांचे कर्ज १० टक्के दराने चार वर्षांसाठी घेतले. हप्ता सुमारे ६३,४०० रुपये. डिझेल, देखभाल वगैरे जाऊन तासाला ४०० रुपये सुटतात असे धरले तर नुसत्या हप्त्यासाठी महिन्याला सुमारे १६० तास काम हवे, आणि पावसाळ्यात गावाकडे मातीकाम मंदावते. म्हणून यंत्राच्या किमतीचा मोठा वाटा आणि किमान सहा हप्ते हाताशी असल्याशिवाय या भानगडीत पडू नये. तोवर बचत एनआरई खात्यात ठेवावी. अनिवासी असेपर्यंत तिच्या व्याजावर भारतात आयकर नाही. पैसे बँकेतून किंवा अधिकृत एक्सचेंजमधूनच पाठवावेत, हुंडीने नव्हे.

९. घरच्यांनी विचारायचे सात प्रश्न

१) कोणत्या यंत्रावर किती तास झाले, व त्याची सहीची नोंद आहे का?
२) कौशल्याचे प्रमाणपत्र आणि आरटीओचा योग्य वर्गाचा परवाना आहे का?
३) एजंटचा परवाना ई-मायग्रेटवर तपासला का?
४) करार व व्हिसा दोन्हींवर हुद्दा ऑपरेटरचाच आहे का?
५) मूळ पगार किती? राहणे, जेवण, परतीचे तिकीट कोणाकडे?
६) ओमानी परवान्याचा खर्च कोण करणार, आणि परवाना होईपर्यंत पगार कोणता?
७) विमा काढला का?

यांपैकी चारांची उत्तरे "नाही" किंवा "माहीत नाही" अशी आली तर त्याला नको म्हणू नये. सहा महिने थांबायला सांगावे आणि त्या सहा महिन्यांत काय करायचे ते लिहून द्यावे. एखादा मुलगा इथे येऊन अडचणीत सापडलाच तर मस्कतचा भारतीय दूतावास आणि परराष्ट्र मंत्रालयाची "मदद" सेवा यांच्याकडे लेखी तक्रार करता येते. पासपोर्ट, व्हिसा व कराराच्या प्रती त्यासाठी घरी आणि आपल्याकडे, दोन्हीकडे ठेवाव्यात. यंत्र चालवणे हा मानाचा व कसबाचा धंदा आहे. त्यात येणारा मुलगा कसब घेऊन आला तर इथे त्याचे भले होते, आणि तसे तो येईल की नाही, हे पुष्कळ वेळा आपण त्याला काय सांगतो यावर ठरते.